आत्ताचं माप

खोली द्यायच्या आधी माझ्या घरमालकिणीनं मला एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठली, नवरा कुठे असतो, मांस-मच्छी शिजवता का, यातलं काही नाही. तिनं विचारलं, "कपडे सुलटे वाळू घालतं का उलटे?"

"उलटे."

"काऊन?"

"उन्हानं रंग उडतो म्हणून."

"सामान घेऊन ये मंग," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

माझ्या आधीच्या भाडेकरूला तिनं तिसऱ्या महिन्यात खोली सोडायला लावली होती. माणूस सरळ होता, बँकेत होता, भाडं वेळेवर देत होता. पण तो ओलं बनियन खांद्याला चिमटे लावून टांगायचा आणि बनियनचे गळे पोटापर्यंत लोंबायचे. "ज्याले आपल्या बनियनची कदर नाई," तिचं म्हणणं, "तो माह्या भिंतीची काय करन?"

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता. आष्टीहून बदली होऊन हिंगणघाटला आले होते. नवऱ्याची नोकरी वर्ध्याला, मुलगी नागपूरला शिकत होती. आठवडाभर मी एकटी असायचे. माझं काम रस्त्यांवर आणि नाल्यांवरच्या मोऱ्यांवर. दिवसातून चार वेळा स्कूटीवरून उतरायचं, मोरीखाली वाकायचं, टेप धरायचा, वर चढायचं. मे महिन्यात हे सगळं सत्तेचाळीस अंशांत. माझे कपडे मला त्रास देतात, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, त्रास उन्हाचा आहे.

घरमालकीण साठीच्या पुढची, बुटकी, रुंद खांद्यांची, विधवा. मुलगा-सून पुण्याला. गावातल्या एका कापड गिरणीत तिनं बावीस वर्षं फोल्डिंग खात्यात काढली होती. तिरप्या टेबलावरून, उजेडासमोरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि तिनं त्यातली चूक पकडून खडूनं खूण करायची: तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग. गिरणी बंद पडली, पण डोळ्यांना ते कोणी सांगितलं नाही. माणूस समोर आला की तिची नजर त्याच्यावरून ताक्यासारखी सरकायची. आपण पाण्याच्या टाकीबद्दल बोलत असायचो आणि ती आपल्या खांद्याच्या शिवणीकडे पाहत असायची.

राहायला आले त्याच आठवड्यात मी गल्लीच्या टोकाच्या मास्टरकडे ब्लाऊज शिवायला निघाले होते. हातात नवं कापड आणि मापाचं ब्लाऊज. आमच्याकडे बायकांची अशीच रीत आहे. पुरुष शिंपी बाईच्या अंगाला टेप लावत नाही, बाईही लावू देत नाही. एक नीट बसणारं ब्लाऊज नमुना म्हणून द्यायचं आणि त्याच्यावरून पुढचं सगळं शिवून घ्यायचं. माझं मापाचं ब्लाऊज मोरपंखी रंगाचं होतं. मुलगी दुसरीत असताना शिवलेलं. तीन बदल्या त्यानं माझ्याबरोबर केल्या होत्या.

ती दारात बसून भाजी निवडत होती. "ते दाखव," म्हणाली. ब्लाऊज हातात घेतलं आणि उलटं केलं. कुठलाही कपडा ती आधी उलटा करायची. शिवणीजवळ नाक नेलं. "हे शेवटी कधी घातलं होतं?"

"आठवत नाही. शिवलं त्याला बारा वर्षं झाली."

"घालत नाई?"

"हे मापाचं आहे. घट्ट होतं आता. बाकीचे शिवून आले की मी बाजूच्या शिवणी उसवून घेते."

"सगळे?"

"सगळे."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हंजे बारा वर्सं झाली, तू चूक शिवून घेतं अन् घरी आनून दुरुस्त करतं. अन् नमुना तोच धाडतं." मग तिनं माझ्या स्कूटीला अडकवलेल्या पिशवीकडे मान वळवली. त्यातून माझा स्टीलचा टेप बाहेर डोकावत होता. "आन् तुह्याजवळून सरकार रस्ते मोजून घेते."

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मोजमाप पुस्तिकेत मागच्या वर्षीचा आकडा पाहून या वर्षीची नोंद केली तर माझी नोकरी जाईल. तो नियम मी फक्त रस्त्यांना लावला होता.

तिनं मला आत नेलं, दार लावलं आणि कापडी टेपनं मोजलं. छाती, मुंढा, दंड, पाठ. आकडे मोठ्यानं वाचले. मी म्हटलं, तुमचा टेप जुना आहे, ताणला गेला असेल. तर म्हणाली, "तुहा आन." मी माझा स्टीलचा टेप आणला आणि दोन्ही टेप जमिनीवर शेजारी ठेवून पाहिले. एका सुताचाही फरक नव्हता. मोरपंखी ब्लाऊज चौतीसचं होतं, मी एकोणचाळीस होते.

"आकडा पाहून रडाचं असन तं आत्ताच रड," ती म्हणाली. "मले भाजी फोडनीले टाकाची हाये."

मी रडले नाही. पण मी एकोणचाळीसच्या मापाचं पहिलं ब्लाऊज घालून साइटवर गेले, त्या दिवशी संध्याकाळी माझी मान दुखत नव्हती. दहा वर्षं मी त्या मानेला बाम चोळत होते.

तिच्याबरोबर कपड्यांच्या दुकानात जाणं हा धीराचा विषय होता. ती कुर्त्याची निवड उभ्यानं करू द्यायची नाही. दुकानात, गादीवर, तो कुर्ता घालून मांडी घालायला लावायची, मग उकिडवं बसायला, मग दोन्ही हात वर करायला. उकिडवं बसल्यावर मागून कुर्ता वर ओढला गेला की नापास. बाजूचा काप कमरेच्या वर सुरू होत असेल तर नापास. खिसा नसेल तर ती दुकानदारालाच विचारायची, "तुह्या पँटीले हाये का? मंग हिनं चाबी कुठं ठेवाची?" कापड मुठीत चुरगाळून ती पूर्ण एक वाक्य बोलायची आणि मग मूठ उघडून घड्या पाहायची. काठाचा एक धागा मागून घेऊन जाळायची. राख झाली तर सुती. गोळी झाली तर ठेव बाप्पा तुह्याजवळ.

एकदा एक तरुण दुकानदार मला म्हणाला, "मॅडमवर हा रंग खुलतो."

"रंग खुलते ते दिसून राह्यलं," ती म्हणाली. "शिवन किती दिसात खुलते ते सांग."

तिचं एक मत होतं आणि ते मला अजून खोडता आलेलं नाही. पंचेचाळीस ते साठ या वयाच्या बाईसाठी कोणी कपडे शिवतच नाही. दुकानदाराकडे दोनच ढीग असतात, एक पोरींचा आणि एक म्हाताऱ्यांचा. मधल्या बाईला तो आधी पहिला ढीग दाखवतो, तिला लाजवतो, आणि मग दुसरा विकतो. "मंधात पंधरा वर्सं बाई काय उघडी फिरते का?" याच वर्षांत कंबर जाते, दंड भरतात, अंगातून वाफा निघतात, आणि काम तर सगळ्यात जास्त याच वर्षांत असतं. म्हणून तिचे हुकूम ठरलेले. खांदा बसला तरच घ्यायचं. बाकी सगळं दुरुस्त होतं, खांदा होत नाही. परकराची नाडी दोरीसारखी नको, तीन बोटं रुंद पट्टी हवी, नाहीतर कमरेला काच पडतो आणि मग जखम. आतून शिवणीत दीड बोट कापड सोडलेलं हवं. आणि दहा स्वस्त घेण्यापेक्षा तीन घ्यायचे, पण आठ दिवस विचार करून.

हिंदी मालिकांमधल्या बायका झोपताना काठाच्या साड्या नेसतात, यावर तिचा विशेष राग होता. टीव्हीसमोर बसून ती त्यांना सांगायची, "अवो बाई, त्या काठाची जर टोचून राह्यली असन."

गल्लीतल्या बायका फाटलेले कपडे टाकून देण्याआधी तिच्या ओसरीवर आणायच्या. याला सगळ्या पंचनामा म्हणायच्या. ती कपडा मांडीवर पसरून कुठून फाटला ते पाहायची. काखेत फाटला म्हणजे मुंढा लहान. बसायच्या जागी विरला म्हणजे कापडच हलकं. शिवण शाबूत आणि शेजारचं कापड फाटलं, तर सुई जाड होती, मास्टरला बोलवा. मास्टर यायचा नाही. तो तिच्यावर चिडून असायचा, कारण तिनं गल्लीतली सगळी मापाची ब्लाऊजं बंद पाडली होती. ती स्वतः प्रत्येकीचं माप घ्यायची आणि चिठ्ठी लिहून पाठवायची. "मले नमुना लागते," मास्टर म्हणायचा. "कागदावरून काय बाई शिवू का मी?"

मापं घ्यायचा तिचा दिवस ठरलेला होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. लहान पोरं सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन बाहेर दारोदार फिरायची आणि घरात दार लावून बायकांची मापं व्हायची. एका शाळकरी वहीत प्रत्येकीचं पान. दर वर्षी नवी नोंद, मागची खोडायची नाही. कोणी पोट आत घेतलं की ती टेप तसाच धरून गप्प उभी राहायची. बाई किती वेळ श्वास रोखणार?

वहीत तिचं स्वतःचं पान नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "माह्यं मले ठाऊक हाये." आपले ब्लाऊज ती हातानंच शिवायची.

तिसऱ्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मी चिठ्ठ्या लिहायला बसले होते. ती शेजारच्या उंच वहिनींचा खांदा मोजायला हात वर करून उभी होती. तिच्याच तालमीत माझीही नजर एव्हाना शिवणीवर जायला लागली होती. तिच्या ब्लाऊजच्या काखेखाली मला हातशिलाईच्या दोन ओळी दिसल्या. एक पांढऱ्या धाग्याची, तिच्या आत एक राखाडी. ब्लाऊज आत घेतलं होतं. एकदा नाही, दोनदा.

बायका गेल्यावर मी विचारलं.

"धुवून धुवून सैल पडलं," ती म्हणाली.

सुती कापड धुतल्यावर आटतं, सैल पडत नाही. हे मला तिनंच शिकवलं होतं. मी तसं म्हटलं. ती वही बंद करून आत गेली आणि आतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी आल्यापासून ऐकत होते. रुईच्या धुळीत बावीस वर्षं काढली, खोकला गिरणीचा आहे, असं ती सांगायची. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं आणि मान्य केलं होतं. पण मग मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. दोन महिन्यांपासून ती संध्याकाळी अंगावर शाल घेऊन बसायची, ऑगस्टच्या उकाड्यात. भाकरी अर्धी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. "मोजू द्या."

"काहाले?"

"तीन वर्षं तुम्ही मला मोजता. आज मी मोजते."

"तुले जास्त झालं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात खोली खाली करजो."

ती गंमत करत नव्हती. मी ऑफिसला गेले. दिवसभर एका मोरीच्या पायाचं काम पाहिलं आणि डोक्यात तिचंच. तिला डॉक्टरची भीती नव्हती, हे मला कळत होतं. तिला नाव पडायची भीती होती. छातीचा आजार निघाला की कोणती बाई तिच्यासमोर हात वर करून उभी राहणार होती? तिची पेन्शन, तिचं घर, मुलाचे फोन, हे सगळं असूनही ती जगत होती ती त्या ओसरीवर.

समजावून सांगून ती ऐकणारी नव्हती. तिला पुरावा लागायचा. रविवारी सकाळी मी वाळत घातलेले तिचे तीन ब्लाऊज तारेवरून काढले, ओसरीवर आणले, उलटे करून तिच्यासमोर ओळीनं मांडले.

"हे काय?"

"पंचनामा."

मी एकेकावर बोट ठेवत गेले. "हे फाल्गुनातलं. काखेत एक शिवण, एक बोट आत. हे जेठातलं. दोन शिवणी. हे आत्ताचं. तीन, आणि मुंढा कापून पुन्हा लावलाय. कापड तिन्ही एकच, एकाच ताक्यातलं. कापडात दोष नाही."

तिनं तिसरं ब्लाऊज उचललं, उजेडासमोर धरलं. बराच वेळ तिची नजर त्याच्यावरून सरकत राहिली. ही शिवण तिनंच घातली होती. पण ओळीनं मांडलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"सहा महिन्यांत छातीतून पाच इंच गेले," ती म्हणाली. दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तशी. मग ब्लाऊजची घडी घालत, "दुसऱ्या कोनाचं असतं तं मी पयल्याच शिवनीले धाडली असती दवाखान्यात."

"उद्या जायचं?"

"उद्या." ती उठली आणि पेटी उघडून बसली. छातीचा फोटो काढताना लोखंडी हुक चालत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं समोरून उघडणारं, कापडी बंदांचं एक पोलकं काढलं, आणि साडी कमी वजनाची, कारण रांगेत उभं राहावं लागणार.

सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, न चुकता. माझीही तपासणी झाली, काही निघालं नाही. परत येताना रिक्षात ती एकदाच बोलली. "पोराले मीच सांगन. तू फोन नको करजो."

गल्लीलाही तिनंच सांगितलं. ओसरीच्या आतल्या दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली आणि येईल त्या बाईला बाहेरच थांबवून म्हणाली, "मले टीबी हाये. दवाई सुरू हाये. डॉक्टर सांगेपर्यंत आत येजो नका." कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं, असा तिचा हिशोब. उंच वहिनी रोज डबा ठेवून जायच्या. बाकीच्या काही दिवस बिचकल्या आणि मग यायला लागल्या. दोघी परत कधीच आल्या नाहीत. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही, पण विसरलेलेही नाही.

खोली खाली करायचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

टीबी निघाला त्या दिवशी संध्याकाळीच तिनं मला टेप दिला आणि खिडकीपाशी उभी राहिली. मी मोजलं. छाती एकतीस. तिनं वहीचं नवं पान उघडलं, वर काहीच नाव लिहिलं नाही, फक्त आकडा लिहिला.

"याच मापाचे दोन शिवून आन," ती म्हणाली. "हातात सुई धरवत नाई सध्या."

"दोन-चार महिन्यांत अंग भरेल. तोवर जुनेच घाला ना सैल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चिठ्ठी लिहायला घेतली. मास्टरनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. एकतीस. तो कोणाचा आकडा आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. नमुना मागितला नाही. दोन्ही ब्लाऊज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार होते, आणि आत दीड बोट कापड सोडलेलं होतं.

दिवाळी गेली. गल्लीतल्या बायकांची कामं मी करत होते आणि ती आतल्या खोलीतून खिडकीतून हुकूम सोडायची. "पाठ मोजली का? मंग श्वास सोडाले सांग तिले. अन् टेप ओढू नको, ते काय डांबरी रस्ता हाये का?" गोळ्यांनी तिला मळमळायचं. भाकरी पोटात टिकायची नाही. नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा मोजलं, एकतीस. डिसेंबरमध्ये एकतीसच. ती आकडा लिहायची आणि वही मिटायची. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचे. त्या दोन महिन्यांत आम्ही कापडाबद्दल फारसं बोललो नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, थुंकी साफ आहे, दुसऱ्यांना धोका नाही, गोळ्या मात्र पूर्ण करा. तिनं ओसरीचं दार उघडलं. माप त्या महिन्यात तिनं घेऊ दिलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी साइटवर निघाले तर ती रस्त्यात दिसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा एकटी, काठीशिवाय, मास्टरच्या दुकानाकडे चाललेली. मला वाटलं भांडण होणार, म्हणून मी स्कूटी वळवली.

ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. मास्टर मशीनवरून उठला होता. त्या दोघांनी समोरासमोर शब्द बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

"हे काचते," ती म्हणाली. "हुक लागून नाई राह्यले."

"मावशी, चिठ्ठीवर एकतीस होतं. मी एकतीसच शिवलं."

"तू बराबर शिवलं. मी कुठं म्हनून राह्यली का चुकलं?" ती म्हणाली. "माहीच चिठ्ठी जुनी झाली."

मास्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यानं चष्मा नाकावर सरकवला, कानावरचा खडू काढला आणि वही ओढली. "नवं सांगा मंग."

ती दुकानाच्या आत, पडद्यामागे गेली आणि मला बोलावलं. माझ्या पिशवीत स्टीलचाच टेप होता. थंड लागला असणार. तिनं हात वर केले आणि हलली नाही. मी दोनदा मोजलं.

"चौतीस," मी पडद्यातून मास्टरला म्हटलं.

तिनं मान वाकवून टेपवर बोट ठेवलं आणि मला आकडा दाखवला.

"साडेतेहतीस लिहिजो, मास्टर," ती म्हणाली. "हिले माह्या कौतुकात दिसून नाई राह्यलं."